मोठेबाबा कोन्या बटनात हायेत? एका लग्नाच्या डीव्हीडीचं प्रकरण

दारव्ह्याला माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. एकेकाळी लग्नसराईत तीन-तीन कॅमेरे बाहेर असायचे. आता पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर दिवस निघतो. गेल्या दिवाळीच्या आधी जवळच्या गावची मोठीमाय पिशवी घेऊन दुकानात आली. नात्याने ती माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको, पण गावात तिला सगळेच मोठीमाय म्हणतात. पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या तीन व्हीएचएस कॅसेटी होत्या. थोरल्या मुलीचं लग्न, मे १९९३. "हे टीव्हीवर लागन असं करून दे बाबू," एवढीच तिची मागणी.

संध्याकाळी पुण्याहून तिच्या मुलाचा फोन आला. त्याचं म्हणणं सरळ होतं: पेनड्राइव्हवर टाकून दे, विषय संपला. त्याने नातवंडांच्या मोबाइलवरच्या काही क्लिपाही पाठवल्या, त्याही त्यातच घाल म्हणाला. मलाही ते सोपंच होतं. तरी मोठीमायच्या घरी काय-काय आहे ते एकदा बघून यावं म्हणून गेलो, आणि तिथे पेनड्राइव्हचा विषय खरोखरच संपला.

घरात एकवीस इंची डबा टीव्ही, त्याला पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींनी जोडलेला डीव्हीडी प्लेअर. टॉवरची रेंज अंगणात आली तर एक दांडी. प्लेअरला यूएसबीचं भोक आहे, पण पेनड्राइव्ह लावला की निळ्या पडद्यावर फाइलींची यादी येते आणि मराठी नावांच्या जागी चौकोन. मोठीमाय तिसरीपर्यंत शिकलेली. तिला मराठी वाचता येतं, चौकोन वाचता येत नाहीत. डीव्हीडीचा मेनू मात्र प्लेअरच्या दृष्टीने निव्वळ चित्र असतं. त्यातली अक्षरं प्लेअरला ओळखावी लागत नाहीत, तो फक्त चित्र दाखवतो आणि कोणतं बटन दाबलं एवढं पाहतो. म्हणून ठरलं, डिस्कच करायची, मराठी मेनूची.

कॅसेटी

तिन्ही कॅसेटींच्या खिडकीतून पांढरी भुकटी दिसत होती. बुरशी. अशी कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर भुकटी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही प्रसाद मिळतो. खालचे पाच स्क्रू काढून कॅसेट उघडली, फीत हाताने गुंडाळत कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली. व्हीसीआरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केलं. हेड पुसताना हात आडवाच फिरवायचा, वर-खाली फिरवला तर हेडचं टोक तुटतं. हे मला उस्तादाने टपली मारून शिकवलेलं आहे.

व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणाऱ्या कॅप्चर कार्डाचं पहिलं चित्र काळं-पांढरं आलं आणि वर सरकत राहिलं. कार्ड मुळात एनटीएससी या अमेरिकेकडच्या टीव्ही-पद्धतीवर होतं, आपल्याकडचा सिग्नल पाल पद्धतीचा. सेटिंग बदललं, रंग आले. पाल म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत: आधी एक सोडून एक रेषा, मग उरलेल्या. या अर्ध्यांना फील्ड म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे याच गोष्टीने माझी एक रात्र खाल्ली.

पहिल्या दोन कॅसेटी त्या काळच्या शूटिंगवाल्याने एडिट केलेल्या होत्या. बदाम उघडतात, नवरी कमळातून बाहेर येते, आणि आवाजाच्या जागी सगळीकडे सिनेमाची गाणी. मंगलाष्टकं म्हणणाऱ्याचे ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही. तिसरी कॅसेट रॉ होती. कापाकापी नाही, गाणी नाहीत, मूळ आवाज जसाच्या तसा. सुरुवातीला मी ती जवळपास बाजूलाच ठेवली होती. डळमळता कॅमेरा, अर्धा वेळ हॅलोजनच्या उजेडात डोळे मिटलेली माणसं. पण तिच्यात अकरा मिनिटं दारव्हा मोतीबाग स्टेशनची निघाली. वऱ्हाड कारंज्याहून शकुंतलेने आलं होतं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची ती अरुंद रुळांची गाडी, आणि १९९३ साली तिला वाफेचं इंजिन होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९४ मध्ये, ते जाऊन डिझेल आलं. आता तर रुळांवर बोरी-बाभळी आहेत. कॅसेटीत मात्र इंजिन धूर काढत येतं, फेटेवाले दारातून लटकलेले, आणि प्लॅटफॉर्मवर मोठेबाबा, म्हणजे मोठीमायचे यजमान, दोन्ही हात वर करून कोणाला तरी ओरडून सांगताहेत. ते जाऊन बरीच वर्षं झाली.

एका डिस्कवर किती मावतं

छाटून तिन्ही कॅसेटी १९४ मिनिटांच्या झाल्या, मोबाइलच्या क्लिपा १२ मिनिटांच्या. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. ते हजाराच्या हिशेबाने. संगणक १,०२४ च्या हिशेबाने तेच ४.३७ दाखवतो आणि गिऱ्हाईक "दुकानदाराने कमी दिलं" म्हणतं. बिटांत मोजलं तर डिस्क साधारण ३७,६०० मेगाबिटची. त्यातून आवाज, मेनू आणि थोडी मोकळी जागा, आणि मोबाइलच्या क्लिपांना सेकंदाला पाच हजार किलोबिट, एवढं काढून ठेवलं, तर लग्नाच्या व्हिडिओला सेकंदाला जेमतेम २,६०० किलोबिट उरतात. ७२० बाय ५७६ च्या पूर्ण चित्राला हे फार कमी. त्यात व्हीएचएसचं चित्र मुंग्यांनी भरलेलं. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आकसून डिस्कच्या साच्यात बसवणारा प्रोग्राम, सगळे बिट त्या मुंग्यांवर खर्च करतो आणि माणसांच्या तोंडावर चौकोन पडतात.

दोन डिस्का करणं हा एक उपाय. पण मोठीमायने डिस्क बदलायची म्हणजे ट्रेमध्ये दोन डिस्का एकावर एक जाणार, हे मी धरूनच चाललो. दुसरा उपाय फार जण वापरत नाहीत आणि व्हीएचएसला तोच चांगला: ३५२ बाय ५७६. डीव्हीडीच्या नियमात हे माप अधिकृत आहे. रुंदी निम्मी, उंची पूर्ण. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात २४० रेषांच्या आसपासच असतो, त्याला ७२० ठिपके देणं म्हणजे पावशेर तुरीला पोतं देणं. उंची पूर्ण राहिल्यामुळे दोन्ही फील्ड शाबूत राहतात. ३५२ बाय २८८ हेही माप चालतं, पण त्यात अर्धी फील्ड जातात आणि हालचाल सीडीवरच्या जुन्या पिक्चरसारखी होते. ते घेऊ नये.

एक अट इथे आडवी येते. डीव्हीडीत व्हिडिओंचे गट असतात, त्यांना टायटलसेट म्हणतात. एका टायटलसेटमधल्या सगळ्या व्हिडिओंचं माप आणि आकार सारखाच लागतो. लग्न ३५२ बाय ५७६ आणि चार-तीन, मोबाइलच्या क्लिपा ७२० बाय ५७६ आणि सोळा-नऊ. म्हणून दोन टायटलसेट. हे आधी ठरवलं नाही तर शेवटी प्रोग्राम सगळं एकाच मापात कोंबून पुन्हा एन्कोड करत बसतो.

प्रोग्राम सगळे फुकटचे वापरले. एन्कोडिंग एफएफएमपेगने, मेनू आणि जुळणी डीव्हीडीस्टायलरने, मेनूची चित्रं इंकस्केपमध्ये, जाळणं, म्हणजे डिस्कवर उतरवणं, के-थ्री-बीने. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. डीव्हीडीस्टायलर विंडोजवरही चालतो. तो आतून डीव्हीडीऑथर नावाचा जुना, दणकट प्रोग्राम चालवतो. एफएफएमपेगमध्ये पाल-डीव्हीडी असं तयार टार्गेट आहे. ते दिलं की एमपेग-टू व्हिडिओ, ४८ किलोहर्ट्झचा एसी-थ्री आवाज आणि पंधरा चित्रांचा गट हे डीव्हीडीला लागणारं सगळं आपोआप बसतं, आपण फक्त माप आणि बिटरेट (सेकंदाला किती बिट) बदलायचा. मग डीव्हीडीस्टायलरमध्ये व्हिडिओच्या फॉरमॅटला कॉपी ठेवायचं, म्हणजे तो पुन्हा एन्कोड करत नाही. एकदाच दोन फेऱ्यांत नीट एन्कोड करावं आणि पुढे त्याला हात लावू नये. मेनू कितीदाही बदलता येतो, आणि या प्रकरणात तो तीनदा बदलला.

आता ती रात्र. लॅपटॉपवर चित्र पाहिलं तर हलणाऱ्या कडांवर कंगव्याचे दाते. म्हणून मी डीइंटरलेस केलं, म्हणजे दोन-दोन फील्ड मिळवून एकेक चित्र केलं. टीव्हीवर लावलं तर गाडी झटके खात येत होती, कारण सेकंदाच्या ५० हालचालींच्या मी २५ करून टाकल्या होत्या. दाते लॅपटॉपच्या पडद्याचा दोष आहेत, डबा टीव्ही मुळात फील्डच दाखवतो. पुन्हा इंटरलेस्ड, म्हणजे फील्ड वेगळी ठेवून, एन्कोड केलं, तर गाडी जागेवरच पुढे-मागे थरथरायला लागली. फील्डचा क्रम उलटा लागला होता. माझं कार्ड वरचं फील्ड आधी देतं, मी खालचं आधी सांगितलं होतं. मिनीडीव्हीच्या कॅसेटींत खालचं आधी असतं, हात त्या सवयीचा. तिसऱ्यांदा एन्कोडला लावून झोपलो तेव्हा लाइन गेली. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटांची. चौथ्यांदा जमलं.

पहिला मेनू

मेनू मी मन लावून केला, आणि तोच सगळ्यात चुकला.

इंकस्केपमध्ये मांडवाच्या फोटोवर पाच नावं लिहिली: साक्षगंध, हळद, वऱ्हाड, लग्न, बिदाई. डावीकडे १ ते ५ आकडे. मेनूत थेट मराठी टाइप करण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कुठे ना कुठे जोडाक्षर फुटतंच. त्यात आपला तर शब्दच वऱ्हाड. त्यातला तो चंद्रकोरीसारखा र कित्येक ठिकाणी ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणून सगळी अक्षरं चित्रातच, मुक्ता फॉन्टमध्ये, आणि डीव्हीडीस्टायलरमध्ये त्यावर नुसती अदृश्य बटनं. (भाच्याने नातेवाइकांच्या नावांची यादी टाइप करून दिली होती, ती कृतीदेवमध्ये. माझ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. पुन्हा हाताने लिहिली.)

चित्र ७६८ बाय ५७६ वर काढून मग रुंदी ७२० केली. पालचे ठिपके चौकोनी नसतात. थेट ७२० वर काढलं तर टीव्हीवर तोंडं फुगलेली दिसतात.

निवडलेलं बटन कसं कळतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण मेनूची सगळी मर्यादा तिथेच आहे. मागचं चित्र हा व्हिडिओ असतो. त्याच्यावर एक पातळ थर असतो, सबपिक्चर, आणि त्यात फक्त चार रंग, त्यातला एक सहसा पारदर्शक. बटन निवडलं की प्लेअर त्या चौकोनापुरते रंग बदलतो. बस्स. सावली, चमक, मऊ कडा काही नाही. म्हणून अक्षरंच रंगवायला गेलं तर कडा करवतीसारख्या दिसतात. त्यापेक्षा बाजूला एखादी ठसठशीत खूण बरी. मी लाल टिकली केली.

लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये सगळं देखणं दिसलं. पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर जाळून मोठीमायकडे घेऊन गेलो.

प्लेअरने आधी डिस्कच वाचली नाही. आरडब्ल्यू डिस्क उजेड कमी परावर्तित करते, जुन्या प्लेअरचा डोळा अधू झालेला असतो. पिशवीत एक डीव्हीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी डिस्क होती, ती दुकानात परत जाऊन जाळून आणली. जुन्या प्लेअरला डीव्हीडी-आर सगळ्यात मानवते. घरी वापरायला गेलेली प्रत्येक डिस्क आधी त्याच घरच्या प्लेअरवर लावून बघायची हे मी तेव्हापासून पाळतो. व्हीएलसी मायाळू आहे, चुका पोटात घालतो. प्लेअर घालत नाही.

मेनू आला, आणि पहिली ओळ होती "क्षगंध". डबा टीव्ही चित्राच्या कडा खातो. चारी बाजूंना साधारण दहावा हिस्सा मोकळा सोडायचा असतो, म्हणजे डावी-उजवीकडे बहात्तर ठिपके आणि वर-खाली अठ्ठावन्न. मी तीस सोडले होते. आकडे तर गायबच. अक्षरं लुकलुकत होती, आणि इथे मला एक नवीन गोष्ट कळली. इंग्रजी अक्षरांत हा त्रास एवढा जाणवत नाही, पण आपल्या प्रत्येक शब्दावर शिरोरेषा आहे. ती एका ओळीची बारीक असली तर ती एकाच फील्डमध्ये येते आणि दुसऱ्यात नसते, म्हणून सेकंदाला पंचवीस वेळा दिसते आणि पुसली जाते. शिरोरेषा निदान तीन-चार ओळींची जाड हवी. म्हणजे ठळक फॉन्ट, आणि आकार चाळिशीच्या वर. नाजूक, सुंदर मराठी फॉन्ट टीव्हीच्या मेनूत वापरू नयेत, कितीही जीव गेला तरी.

लाल टिकली पिवळ्या वायरीतून जाऊन पसरली आणि मांडवाच्या मरून कापडात मिसळून गेली.

मोठीमाय हे सगळं शांतपणे पाहत होती. मग मी मेनूच्या मागे सनईचा वीस सेकंदांचा तुकडा लावला होता, तो तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर शेजारची सून डोकावली, "कोनाचं लगन हाय व?"

कोन्या बटनात

चुका लिहून घेतल्या, दुसरी डिस्क केली. मोकळ्या कडा, ठळक अक्षरं, मागे साधा गडद निळा रंग, खुणेला पिवळा झेंडू, सनई बंद. आकडे आत घेतले. डीव्हीडीच्या मेनूत रिमोटवरचा आकडा दाबला तरी त्या क्रमांकाचं बटन निवडलं जातं. माझी कल्पना अशी की मोठीमायला बाणांची कटकटच नको, बघायचं आणि दाबायचं. मेनूत ५ होता. मोठीमायने रिमोट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा केला. तिच्या ओळखीचा पाच त्यावर नव्हताच. रिमोटवर इंग्रजी आकडे. ही गोष्ट सुचायला मला दोन डिस्का लागल्या.

पण खरी अडचण आकड्यांची नव्हती. खालचा बाण तिला जमला. ओके चं बटन झिजून पांढरं झालं होतं, ते तिला हाताने सापडत होतं. साक्षगंध लावलं, थोडं पाहिलं, बंद केलं. हळद लावली, पुढे ढकलली. वऱ्हाडावर थांबली, तिथे एडिट केलेल्या कॅसेटीतलं बँडचं गाणं वाजत होतं. ते संपेपर्यंत बसली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मोठेबाबा कोन्या बटनात हायेत?"

मी सांगायला लागलो की सगळीकडेच आहेत, साक्षगंधात सुपारी देताना, मग...

"मले लगन नाई पाह्यचं बाबू. ते त तवाच पाह्यलं. गाडी येते तं ते बोलतेत, तो आवाज पाह्यजे."

ती तिसऱ्या कॅसेटीबद्दल बोलत होती. माझ्या मेनूत ती कॅसेट "इतर" नावाच्या दुसऱ्या पानावर, शेवटची होती.

मी मेनू केला होता तो लग्नपत्रिकेसारखा, विधींच्या क्रमाने. शूटिंगवाल्याची सवय. पण लग्न कोणत्या क्रमाने लागलं हे मोठीमायला सांगायची गरज नव्हती, ती तिथे होती. तिला माणसं शोधायची होती. त्या दिवशी मी घाईने परत आलो नाही. चहा घेतला आणि रॉ कॅसेटीची फाइल लॅपटॉपवर लावून तिच्यासमोर ठेवली. ती जिथे-जिथे थांब म्हणाली तिथली वेळ वहीत लिहीत गेलो. मोठेबाबा पंगतीत वाढताना. मोठेबाबा फेटा बांधून घेताना, मान अवघडून. एका ठिकाणी तर त्यांची फक्त पाठ होती, गर्दीत, मला ती कधीच ओळखू आली नसती. एकूण नऊ जागा निघाल्या, मिळून चौदा मिनिटं.

तिसरा मेनू

आता पहिल्या पानावर चारच बटनं, एकाखाली एक: गाडी, मोठेबाबा, लग्न, नातवंडं. आकडे काढून टाकले. प्रत्येकाच्या उजवीकडे एक लहान चित्र, त्याच व्हिडिओतलं. डिस्क लावली की झेंडू आधीच गाडीवर असतो, म्हणजे नुसतं ओके दाबलं की गाडी सुरू. साक्षगंध-हळदीची सगळी यादी लग्नाच्या आत, दुसऱ्या पानावर. विधी कुठे गेले नाहीत, फक्त एक पायरी खाली उतरले.

मोठेबाबांची चौदा मिनिटं मूळ कॅप्चरमधून कापून स्वतंत्र व्हिडिओ केला. डिस्कवर ती दृश्यं दोनदा गेली, त्यामुळे लग्नाचा बिटरेट २,६०० वरून २,४०० वर आणावा लागला. निम्म्या रुंदीच्या चित्रात हा फरक मलाही दिसत नाही. नुसती चॅप्टरची खूण करूनही चाललं असतं, पण चॅप्टर संपला की व्हिडिओ पुढे चालत राहतो आणि मोठीमायला पुढचं नको होतं. शिवाय चॅप्टरची खूण अगदी जागेवर बसत नाही. ती पंधरा चित्रांच्या गटाच्या सुरुवातीला सरकते, म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्यात हाक निघून जाते.

प्रत्येक बटनाला वर, खाली, डावं, उजवं दाबल्यावर कुठे जायचं हे सांगता येतं. प्रोग्राम ते स्वतः ठरवतो, पण मी हाताने दिलं. खाली दाबत गेलं की चौथ्यानंतर पुन्हा पहिलं. डावं-उजवं दाबलं तर झेंडू जागेवरच. मोठीमायचा अंगठा बाणावरून घसरतो, त्यात झेंडू कुठे निघून गेला तर तिला वाटतं टीव्ही बिघडला. व्हिडिओ संपला की मेनूवर परत. डीव्हीडीस्टायलर ही आज्ञा स्वतःच लावून देतो, तरी प्रत्येक व्हिडिओची तपासली. ती नसली तर शेवटी प्लेअरचा लोगो येऊन बसतो आणि फोन मला येतो.

लाइन जाते-येते तिथे आणखी एक सोय लागते. वीज गेली की हा प्लेअर कुठे होता ते विसरतो आणि पुन्हा मेनूपासून सुरू करतो. म्हणून लग्नाच्या लांब व्हिडिओत दर पाच मिनिटांनी चॅप्टर टाकले. पुढचं बटन दाबत दाबत पंगतीपर्यंत पोचता येतं. गाडीला चॅप्टर टाकले नाहीत. अकरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून बघायला तिची हरकत नाही, हे तोवर मला कळलं होतं.

डिस्का जाळल्या आठच्या वेगाने, नंतर पडताळणी केली, आणि लॅपटॉप इन्व्हर्टरवर ठेवला. वर चिकटवायचं कागदी लेबल लावलं नाही, ते फुगलं की डिस्क हेलकावे खाते. मार्करने नाव लिहिलं. डिस्क उघडून पाहणाऱ्या भाच्याने विचारलं की ऑडिओ-टीएस नावाचा फोल्डर रिकामा कसा, आवाज राहिला का? तो रिकामाच असतो, आवाज-चित्र सगळं व्हिडिओ-टीएसमध्ये. कॅप्चरच्या मूळ फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत, कारण जाळलेल्या डिस्कचा रंग वर्षानुवर्षांत उडतो. ती बघायला आहे, जपायला नाही.

मोठीमायच्या प्लेअरवर ती डिस्क लागली तेव्हा मी दाराशी उभा होतो. तिने ओके दाबलं. इंजिनाचा आवाज आला, मग मोठेबाबांचा. गर्दीत ते ओरडत होते, "बैलबंडी इकडून घ्या, इकडून!" एवढंच. मोठीमाय हसली आणि म्हणाली, त्या बंडीचा बैल मारका होता.

सहा प्रती नातेवाइकांना गेल्या. पुण्याच्या मुलाकडे डिस्क घालायलाच काही नाही, त्याला त्याच डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची नक्कल, पेनड्राइव्हवर दिली. व्हीएलसीत ती मेनूसकट उघडते, झेंडू माउसने हलतो. कारंज्याहून मात्र नवरीचा फोन आला, जी आता स्वतः आजी आहे. "भाऊ, लगन माहं, अन् माहं बटन तिसरं?" तिच्यासाठी वेगळी डिस्क केली. व्हिडिओ तेच, पुन्हा एन्कोड काही नाही. मेनूच्या चित्रात ओळी खाली-वर केल्या आणि बटनं त्यांच्यामागे नेली. वीस मिनिटांचं काम. तिच्या डिस्कवर लग्न पहिलं आहे, गाडी चौथी. मोठीमायच्या डिस्कवर गाडीच पहिली.